पळालं नाही म्हणजे घाबरलं नाही, असं नव्हे

जंगलात हौसेनं जाणाऱ्या माणसांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते. आपण शांत राहिलो, कुणाला इजा केली नाही, मनात वाईट हेतू ठेवला नाही, की प्राण्यांना ते कळतं आणि तेही आपल्याला सामावून घेतात. हरणानं मान वर करून आपल्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला सुरुवात केली, की परवानगी मिळाल्यासारखं वाटतं. ही समजूत सुखावणारी आहे, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वन्यप्राण्यांच्या वर्तनाचा जो अभ्यास झाला, त्यात तिला आधार सापडत नाही. ती नुसती भाबडी असती तर सोडून देता आली असती. पण जंगलाचा कुठला भाग लोकांना उघडायचा, किती जणांना आत सोडायचं, किती अंतराचा नियम घालायचा, हे सगळे सार्वजनिक निर्णय तिच्या आधारावर घेतले जातात. म्हणून तिच्याशी भांडणं भाग आहे.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली राखीव जंगलं हा सिंहांचा मुलूख. तिथल्या पाणवठ्यांजवळ लियाना झानेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे आणि स्पीकर बसवले. कोरड्या ऋतूत पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, त्यामुळे प्राण्यांना तिथे यावंच लागतं. प्राणी कॅमेऱ्याच्या टप्प्यात आला की एखादा आवाज आपोआप सुरू होई. कधी सिंहांचं गुरगुरणं, कधी कुत्र्यांचं भुंकणं, कधी बंदुकीचा बार, कधी पक्ष्यांचा निरुपद्रवी आवाज, तर कधी माणसांचं बोलणं. यात आरडाओरडा किंवा हाकारे नव्हते. स्थानिक भाषांमधलं, गप्पांच्या पट्टीतलं साधं बोलणं होतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या आवाजाला पळून जाण्याची शक्यता दुप्पट होती आणि माणसाचा आवाज ऐकल्यावर प्राणी पाणवठा ४० टक्के अधिक वेगानं सोडत होते. नोंदवलेल्या १९ जातींपैकी ९५ टक्के जातींचं वागणं याच दिशेचं होतं. जिराफ, बिबटे, तरस, झेब्रे, हत्ती, गेंडे, सगळे. सिंहाचा आवाज ऐकून एक हत्ती तर पळायच्या ऐवजी चाल करून आला आणि त्यानं कॅमेऱ्याचा संचच मोडून टाकला. माणसाच्या गप्पा ऐकल्यावर मात्र हत्ती काढता पाय घेत. हे संरक्षित जंगलात, तहानलेल्या अवस्थेत, समोर पाणी असताना घडलं, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

असं का व्हावं, याचं उत्तर आपल्या शिकारीच्या पद्धतीत आहे. इतर भक्षक बहुतेक वेळा पिल्लं, म्हातारी, आजारी जनावरं उचलतात, कारण तीच हाती लागतात. माणूस ऐन भरातलं, पूर्ण वाढलेलं जनावर मारतो, तेही लांबून, स्वतःला धोका न पत्करता. क्रिस डॅरिमाँट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून दाखवलं, की माणूस मोठ्या मांसाहारी प्राण्यांना ज्या प्रमाणात मारतो ते प्रमाण त्यांनी एकमेकांना मारण्याच्या जवळजवळ नऊ पट आहे. समुद्रात तर पूर्ण वाढलेले मासे आपण इतर भक्षकांच्या सुमारे चौदा पट वेगानं काढतो. वाघ-सिंहांनाही इतकं घाबरायला लावणारा दुसरा प्राणी पृथ्वीवर नाही. त्यामुळे प्राण्यांच्या भीतीला गैरसमज म्हणता येणार नाही. ती अनुभवातून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या तावूनसुलाखून निघालेली समज आहे.

यावर जंगलप्रेमी माणूस म्हणतो, मी शिकारी नाही, मी फक्त बघायला आलो आहे. ते खरंच असतं. पण हे प्राण्याला कसं कळावं? हेतू दिसत नाही. दिसतो तो आकार, दिशा, वेग आणि नजर. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडलं होतं, की प्रत्येक प्राण्याचं एक पळण्याचं अंतर असतं आणि शत्रू त्याच्या आत आला की तो निघतो. नंतरच्या अभ्यासांतून कळलं, की हे अंतर पक्कं नसतं. माणूस सरळ अंगावर येतोय की बाजूनं जातोय, एकटा आहे की घोळका, सोबत कुत्रं आहे का, जवळ लपायला जागा आहे का, यावर ते कमीजास्त होतं. मैना कुळातले स्टारलिंग पक्षी तर माणसाचे डोळे आपल्याकडे रोखलेले आहेत की दुसरीकडे, हेही हेरतात आणि रोखलेल्या नजरेसमोर खायला उतरायचं टाळतात. आता विचार करा. आपण जंगलात नेमकं काय करतो? घोळक्यानं जातो, थांबतो, वळतो, टक लावून बघतो, अजून थोडं जवळ सरकतो. शिकारी भक्षक याहून वेगळं काय करतो? अलेहांद्रो फ्रिड आणि लॉरेन्स डिल यांनी २००२ मध्ये हाच मुद्दा नीट बांधून मांडला: निरुपद्रवी माणसाच्या चाहुलीवर प्राणी तोच हिशेब करतो, जो भक्षकाच्या चाहुलीवर करतो. खाणं सोडून पळण्याची किंमत किती आणि थांबून राहण्याचा धोका किती.

आता त्या न पळणाऱ्या हरणाकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथे आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्यांच्या हृदयाचे ठोके दूरवरून मोजण्याचे प्रयोग १९७० आणि १९८०च्या दशकांत झाले. माणूस दिसल्यावर मेंढी जागची हलतही नव्हती, पण ठोके वाढलेले असत. कुत्र्यासह आलेला माणूस किंवा डोंगराच्या कडेवरून अचानक वर उगवलेला माणूस यांचा परिणाम सर्वांत जास्त होता. बाहेरून बघणाऱ्याला मात्र शांतपणे उभी असलेली मेंढी दिसत होती.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर कॉलिन बील आणि पॅट मोनाहन यांनी केलेला प्रयोग याहून बोलका आहे. टर्नस्टोन नावाचे छोटे किनारपक्षी दगडगोट्यांत खाद्य शोधत फिरतात. काही ठिकाणच्या पक्ष्यांना त्यांनी जादा खाद्य दिलं आणि मग त्यांच्याकडे चालत गेले. पोटभर खाल्लेले पक्षी लांबूनच उडाले. ज्यांना जादा काही मिळालं नव्हतं, ते माणसाला अधिक जवळ येऊ देत राहिले. सर्वसाधारण नियम असा, की जो जास्त घाबरतो तो आधी पळतो आणि जो थांबतो तो धीट असतो. इथे उलट निघालं. पळणं ज्याला परवडतं तो पळतो. भुकेलेला, थकलेला, अंड्यांवर बसलेला, दुसरी जागाच नसलेला प्राणी थांबतो. आपण मात्र त्या थांबण्याला विश्वास म्हणतो आणि जवळून फोटो मिळाल्याचा आनंद मानतो. हे कळल्यापासून अशा जवळून काढलेल्या फोटोंचा आनंद मला घेता येत नाही.

इक्वाडोरमधल्या कुयाबेनो राखीव जंगलात होआत्झिन पक्ष्यांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांच्या होड्या जिथे जात होत्या तिथले घरट्यावर बसलेले मोठे पक्षी माणसांना सरावले होते आणि लवकर उडत नव्हते. तेवढंच पाहणाऱ्यानं सगळं आलबेल आहे असा अहवाल दिला असता. पण त्याच भागातली पिल्लं, पर्यटक न जाणाऱ्या भागातल्या पिल्लांपेक्षा कमी संख्येनं जगत होती आणि त्यांच्या शरीरातली ताणाच्या संप्रेरकाची प्रतिक्रिया अधिक तीव्र होती. मोठे सरावले, पिल्लं मेली. जंगल लोकांसाठी खुलं करताना जी पाहणी होते तिच्यात सहसा मोठे पक्षी मोजतात, पिल्लं मोजत नाहीत, हे लक्षात घेतलं की या एका अभ्यासाचं महत्त्व कळतं.

ज्या प्राण्यांना जागा सोडता येत नाही, ते वेळ सोडतात. कॅटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सहा खंडांतल्या ६२ सस्तन जातींवरचे ७६ अभ्यास एकत्र पाहिले. जिथे माणसांचा वावर जास्त, तिथे प्राण्यांचं रात्रीचं हिंडणं सरासरी १.३६ पटींनी वाढलेलं होतं. दिवस आणि रात्र निम्मीनिम्मी वापरणारा प्राणी अशा ठिकाणी आपला ६८ टक्के वावर रात्री उरकतो. यात शिकार करणारी माणसं आणि नुसती भटकायला आलेली माणसं यांच्या परिणामात फारसा फरक आढळला नाही. नेपाळमधल्या चितवनचे वाघही असेच रात्रीकडे सरकलेले आढळले. ज्या पायवाटांवरून दिवसा माणसं जातात त्याच वाटांवरून ते अंधार पडल्यावर जातात. याला सहजीवन म्हणायला माझी हरकत नाही, पण त्यातली तडजोड कुणी केली हे विसरू नये. दिवसा बघायला, खायला, सोबती शोधायला घडलेल्या शरीराला रात्रीत ढकललं, की त्याची शिकार, त्याचं चरणं, त्याचे शत्रू, सगळंच बदलतं.

या बदलाचे धागे किती लांब जातात, हे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ डोंगरांतल्या प्यूमा नावाच्या मोठ्या रानमांजरांवरून दिसतं. मारलेल्या हरणावर बसलेल्या प्यूमाला माणसांचं बोलणं ऐकवलं तर तो बहुतेक वेळा शिकार टाकून पळतो आणि त्याचा खाण्याचा एकूण वेळ निम्म्याहून खाली येतो. बेडकांचा आवाज ऐकवला तर तो सहसा हलत नाही. आधीच्या एका पाहणीत दाट वस्तीच्या भागातल्या प्यूमा माद्या ३६ टक्के जास्त हरणं मारताना आढळल्या होत्या, कारण अर्धवट खाल्लेली शिकार सोडावी लागली की पुन्हा मारणं आलं. पुढे याच डोंगरांत नुसते माणसांचे आवाज वाजवत ठेवले, तेव्हा मांसाहारी प्राणी दबकले आणि उंदीर मोकळेपणानं हिंडू लागले. एकाही माणसानं कशाला हात लावला नव्हता. जंगलाचा तोल आपल्या बोलण्यानं ढळू शकतो, हे ज्याला पटलं, त्याला ‘आम्ही तर फक्त फिरून आलो’ असं सहज म्हणता येणार नाही.

२०१६ मध्ये निसर्गपर्यटन आणि मैदानी भटकंतीच्या परिणामांवरच्या २७४ शोधनिबंधांचा आढावा घेतला गेला. ९३ टक्के निबंधांत प्राण्यांवर काही ना काही परिणाम आढळला होता आणि नोंदवलेल्या परिणामांपैकी ५९ टक्के वाईट होते. इंजिनाच्या वाहनांपेक्षा पायी किंवा तत्सम भटकंतीचे वाईट परिणाम जास्त वेळा दिसले, हे अनेकांना रुचणार नाही. पण पायी चालणारा माणूस आत घुसतो, वाट सोडतो, आणि चालत येणारा माणूस हाच प्राण्यांच्या आठवणीतला शिकारी असतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अँटिलोप बेटावर भटक्यांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांना आपल्यामुळे प्राण्यांना काहीही त्रास होत नाही असं वाटत होतं. आणि प्राण्याच्या जितकं जवळ गेलेलं चालेल असं त्यांना वाटे, तितकं जवळ प्राणी त्यांना येऊ देत नव्हते.

याच बेटावरच्या मोजणीतून मला सर्वांत उपयोगाची वाटणारी गोष्ट हाती लागते. वाटेवरून जाणाऱ्या माणसापासून १०० मीटरच्या आत असलेला प्राणी पळण्याची शक्यता ७० टक्के होती. माणूस वाट सोडून चालत असेल, तर म्यूल डिअर जातीची हरणं १०० मीटरच्या आत ९६ टक्के वेळा पळत आणि ७० टक्क्यांवर यायला ३९० मीटर अंतर लागे. माणूस तोच, हरीण तेच. फरक इतकाच, की वाटेवरचा माणूस कुठून येणार आणि कुठे जाणार हे हरणाला ठाऊक होतं. प्राण्याला आपल्या प्रेमाची गरज नाही. आपण काय करणार आहोत याचा अंदाज बांधता यावा, एवढी त्याची गरज आहे.

आणि अंदाज बांधण्यात प्राणी विलक्षण तरबेज असतात. केनियातल्या अंबोसेली उद्यानातले हत्ती माणसांच्या आवाजावरून त्यांची जमात ओळखतात. ज्यांचा हत्तींशी गुरांच्या पाण्या-चाऱ्यावरून झगडा होतो त्या मासाई पुरुषांचा आवाज ऐकला, की कळप एकत्र येऊन मागे सरकतो. शेती करणाऱ्या कांबा पुरुषांच्या आवाजाला किंवा मासाई बायका-मुलांच्या आवाजाला ते तितके दचकत नाहीत. २०१४ मधल्या या प्रयोगात सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं. सिअ‍ॅटलमध्ये २००६ साली जॉन मार्झलफ यांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घातलेला कुणीही दिसला की कावळे कलकलाट करत. पुढची कित्येक वर्षं हे चाललं आणि ज्यांनी ती घटना पाहिलीही नव्हती असे कावळेही त्यात सामील झाले. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन व्हेलशिकारी जहाजांच्या नोंदवह्या तपासल्यावर दिसलं, की उत्तर पॅसिफिकमध्ये शिकार सुरू झाल्यावर अडीच वर्षांच्या आतच स्पर्म व्हेलला भाला लागण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घसरलं होतं. व्हेल एकमेकांकडून शिकल्याखेरीज इतक्या झपाट्यानं हे घडणं कठीण आहे. एवढ्या बारकाईनं आपल्याला वाचणाऱ्या जिवांसमोर आपण आज लांब थांबतो, उद्या जवळ जातो, परवा खाऊ टाकतो, तेरवा दगड मारतो. त्यांनी यातून कुठला निष्कर्ष काढायचा?

मग भीतीच नसती तर बरं झालं असतं, असं वाटू शकतं. तेही घडून गेलेलं आहे. भक्षक नसलेल्या बेटांवरचे प्राणी माणसाला घाबरत नसत. सरड्यांच्या ६६ जातींच्या तुलनेत आढळलं, की बेट मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितकं पळण्याचं अंतर कमी. बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये युरोपीय लोकांनी पहिल्यांदा पाहिली आणि १७६८ पर्यंत ती संपली. फॉकलंड बेटांवरचा कोल्ह्यासारखा लांडगा लोकांच्या इतका जवळ येई, की एका हातात मांस धरून दुसऱ्या हातातल्या सुऱ्यानं त्याला मारत. तरुण डार्विननं तो पाहिला आणि तो लवकरच नामशेष होणार असं लिहून ठेवलं. १८७६ नंतर तो उरला नाही. गालापागोसच्या सागरी इग्वानांना एकदा पकडून सोडल्यावर ते पुढच्या वेळी थोडे आधी पळू लागले, पण तेवढ्या अंतरानं जीव वाचावा असं काही नव्हतं. माणसाची भीती हा प्राण्याचा जीव वाचवणारा ठेवा आहे आणि तो त्याच्यापासून काढून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, अगदी प्रेमापोटीसुद्धा.

तो काढून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खायला घालणं. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात एके काळी अस्वलं रस्त्याच्या कडेला उभी राहून पर्यटकांकडून खाऊ घेत आणि कचऱ्याच्या ढिगांवर त्यांना चरताना बघायला लोक जमत. १९३१ ते १९६९ या काळात तिथे अस्वलांमुळे वर्षाला सरासरी ४८ माणसं जखमी होत. १९७० च्या सुमारास ढीग बंद झाले, खाऊ घालण्यावर कडक बंदी आली आणि जखमींची संख्या पुढे हळूहळू वर्षाला एकाच्या आसपास उतरली. मधल्या काळात मात्र फुकटच्या अन्नाला चटावलेली कितीतरी ग्रिझली अस्वलं मारली गेली आणि १९७५ मध्ये त्यांना संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटावर, ज्याला तेव्हा फ्रेझर बेट म्हणत, माणसांना सरावलेल्या डिंगो जातीच्या रानकुत्र्यांनी २००१ मध्ये एका लहान मुलाचा जीव घेतला. त्यानंतर तीसेक डिंगो मारण्यात आले. मुलाचा काही दोष नव्हता, डिंगोंचाही नव्हता. ज्यांनी त्यांना माणसाळवलं होतं ते केव्हाच घरी गेले होते.

माझा खरा राग इथे आहे. पाहुणा दोन दिवस येतो, प्राण्याची भीती थोडी कमी करतो आणि निघून जातो. निर्ढावलेला प्राणी मागे उरतो तो तिथल्या गुराख्यासाठी, शाळेत चालत जाणाऱ्या मुलांसाठी, पहाटे पाण्याला जाणाऱ्या बाईसाठी. आणि मग तो प्राणीही मारला जातो किंवा पिंजऱ्यात जातो. या व्यवहारात ज्याला आनंद मिळाला त्यानं काहीच किंमत दिलेली नसते.

जंगलाकाठच्या माणसांचं नातं वेगळं असतं आणि ते याच चर्चेत आलं पाहिजे. मोझांबिकमधल्या नियासा भागातले मध गोळा करणारे याओ लोक एक ठरावीक आवाज काढतात. तो ऐकून हनीगाइड नावाचा रानपक्षी त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. माणसं मध घेतात, पक्ष्याला मेण मिळतं. २०१६ च्या अभ्यासानुसार या आवाजामुळे पोळं सापडण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर जाते. त्या पक्ष्याला कुणी पाळलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही. तो येतो कारण तो आवाज काढणारा माणूस दर वेळी तेच करतो. अकोले तालुक्यातल्या ऊसशेतीत विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना दर १०० चौरस किलोमीटरमध्ये पाचेक प्रौढ बिबटे आढळले. तिथे मोठं जंगल नाही, माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर, आणि तरी अभ्यासाच्या काळात माणसांवर हल्ले नव्हते. बिबट्यांना माणसांच्या वेळा माहीत होत्या. शेजारच्या जुन्नर भागात बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याचा धडाका लावल्यावर माणसांवरच्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारवरून सतरावर गेली. ओळखीची जमीन तुटली की सगळे अंदाज तुटतात, प्राण्याचेही आणि माणसाचेही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे: माणसं जंगलात गेलीच नाहीत तर जंगलं वाचवणार कोण? मध्य आफ्रिकेतल्या व्हिरुंगा पर्वतरांगेतले डोंगरी गोरिला हे याचं उत्तम उदाहरण. १९८० च्या सुमारास तिथे अडीचशेच्या आसपास उरलेले गोरिला २०१६ पर्यंत सहाशेच्या वर गेले. ज्या टोळ्यांना माणसांची सवय करून दिली होती, ज्यांच्याभोवती रोज पहारेकरी आणि पशुवैद्य होते, त्याच वाढल्या. बाकीच्या घटत होत्या. पर्यटनाच्या पैशाशिवाय हे झालं नसतं, हे मी मान्य करतो. मूस जातीच्या मोठ्या हरणांच्या माद्याही ग्रिझली अस्वलांपासून बचावासाठी पिल्लं घालायला रस्त्याजवळ सरकतात, कारण तिथे अस्वलं यायला कचरतात. म्हणजे माणसाच्या जवळ असणं काही वेळा उपयोगी पडतं.

पण गोरिलांच्या बाबतीत काय काय करावं लागलं तेही पाहा. एका टोळीला दिवसातून एकदाच, मोजक्याच लोकांनी, तासभरच भेटायचं. सात मीटरचं अंतर, २०२० नंतर दहा मीटर. आजारी माणसाला प्रवेश नाही. ही सावधगिरी उगाच नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात संशोधकांच्या सवयीचे झालेले चिंपांझी १९९९ ते २००६ या काळात माणसाच्या श्वसनविषाणूंनी मेले. ज्या ठिकाणी इतकी शिस्त, इतका पहारा आणि इतका पैसा नाही, तिथे गोरिलांचा दाखला देऊन दरवाजे उघडणं अप्रामाणिकपणाचं आहे.

म्हणून नियम ठरवताना माणसाच्या सद्‌हेतूवर विसंबू नये. वाट आखून द्यावी आणि ती सोडणाऱ्याला खरंच दंड व्हावा. विणीच्या काळात तो भाग बंद असावा, संशोधक आणि छायाचित्रकार यांच्यासाठीसुद्धा. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना जवळ बोलावणं, ड्रोन उडवणं, खाऊ टाकणं, घरट्याचा किंवा गुहेचा ठावठिकाणा जाहीर करणं, हे सगळं एकाच पातळीवरचे गुन्हे मानावेत. कुत्र्यांना तर आत नेऊच नये. सिडनीच्या परिसरातल्या प्रयोगात नुसतं साखळीला बांधलेलं कुत्रं फिरवल्यावर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी घटलेली आढळली होती. जंगलाचा काही भाग असा असावा, की जिथे कुणीही जात नाही, कधीच नाही, आणि तो उरलेला ओसाड कोपरा नसावा. पाणी आणि चारा असलेली चांगली जमीन असावी.

आणि रात्र तरी सोडावी. दिवस आपण घेतला आहे. दिवे लावून होणाऱ्या रात्रीच्या फेऱ्या, अंधारातलं प्राणिदर्शन, यांची मागणी आता ठिकठिकाणी वाढते आहे. ज्या वेळेत प्राणी आपल्यापासून लपायला गेले तिथवर त्यांचा पाठलाग करण्याचं समर्थन मला कुठल्याही कारणानं करता येत नाही, उत्पन्नाच्याही नाही. २०२० च्या कडक टाळेबंदीत माणसं घरात बसली, तेव्हा ४३ जातींच्या २,३०० प्राण्यांच्या जीपीएस नोंदींवरून कळलं, की सर्वांत कडक निर्बंधांच्या भागात त्यांच्या लांब पल्ल्याच्या हालचाली ७३ टक्क्यांनी वाढल्या होत्या. वर्षानुवर्षं आखडलेले प्राणी काही आठवड्यांत पसरले. आपण किती जागा आणि किती वेळ अडवून बसलो आहोत, याचा हा हिशेब प्राण्यांनीच मांडून दिला.

एखादी नवी वाट किंवा नवी फेरी सुरू करायची असेल तर आज विरोध करणाऱ्याला सांगितलं जातं, की नुकसान सिद्ध करून दाखवा. हे ओझं उलट बाजूला असायला हवं. जो उघडू पाहतो त्यानं आधी दोन विणीचे हंगाम पिल्लं मोजावीत, रात्र-दिवसाचा वावर नोंदवावा, मग मर्यादित लोक सोडून पुन्हा तेच मोजावं, आणि पिल्लं कमी झाली तर वाट बंद करण्याचं बंधन लेखी स्वीकारावं. एवढी मोजणी करायची तयारी किंवा पैसा नसेल, तर ती वाट उघडू नये.